विहिरीचे सोळा कागद

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना नरसिंह राव विठ्ठलाच्या मठाच्या मागच्या अंगणात यायचे. चपला दाराशी काढायचे, विहिरीच्या कठड्यावर पोट टेकायचे आणि आत ओणवे व्हायचे. हातात नायलॉनचा दोर, दोराच्या टोकाला गवंड्याचा पितळी ओळंबा, आणि दोराला फुटाफुटावर गाठी. ओळंबा पाण्याला लागला की खालून ‘टुबुक’ असा आवाज येई. कठड्यावर छिन्नीनं कोरलेली एक खूण होती. तिथं दोर चिमटीत धरायचा, वर ओढायचा, गाठी मोजायच्या, आणि शेवटच्या गाठीपासून चिमटीपर्यंतचं अंतर शाळकरी पट्टीनं मोजायचं. मग डायरीत तारखेसमोर पेन्सिलीनं एक आकडा: १४.३. म्हणजे कठड्यापासून पाणी चौदा फूट तीन इंच खाली. हे झाल्याशिवाय त्यांनी कॉफी प्यायल्याचं तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी गल्लीत कुणी पाहिलेलं नाही.

ते पाटबंधारे खात्यात लस्कर होते. साक्कोट्टैच्या बाजूला कालव्याचं एक दार आहे, तिथं पाण्यात उभी केलेली मापपट्टी वाचायची, आकडा वहीत लिहायचा, वरून हुकूम आला की दार वर-खाली करायचं, हे त्यांचं काम. तेहतीस वर्षं त्यांनी पहाटे सायकल मारत जाऊन ती पट्टी वाचली. २००८च्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली, अंघोळ झाली, आणि आता जायचं कुठे हे कळेना. सायकल काढून ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. सरोजा मामींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दारापुढच्या ओट्यावरून, तिण्णैवरून, हे पाहिलं.

“काय राहिलं?” त्यांनी विचारलं.

“पट्टी वाचायची राहिली.”

“मठांत विहीर आहे की. ती वाचा. पण सायकल आंत ठेवा आधी, लोक हसतात.”

त्या सकाळी, एक जून दोन हजार आठला, पहिला आकडा लिहिला गेला. भांड्यांच्या दुकानातून फुकट मिळणाऱ्या डायऱ्या होत्या, त्या एकामागून एक भरत गेल्या. गल्लीला याची इतकी सवय झाली, की शेजारचे वेंकटेश राव घड्याळ बंद पडलं तर विहिरीकडे कान लावून बसत.

नंदिता, माझी धाकटी बहीण, इथल्याच कॉलेजात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. मी साहित्याची. आकड्यांचं मला जे कळलं ते तिच्या आणि नरसिंह मामांच्या भांडणांतून कळलं, तेवढंच सांगते. आमचं घर मामांच्या घराला लागून आहे. दोन तिण्णैंच्या मध्ये हातभर उंचीची भिंत आहे, आणि त्या भिंतीला कुणी भिंत मानत नाही.

गेल्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला मठाच्या फळ्यावर एक सूचना लागली. मागची विहीर बुजवून तिथं जेवणाची शेड आणि गाड्या उभ्या करायला जागा करण्याबद्दल आडी या तमिळ महिन्याच्या शेवटच्या रविवारी भजनानंतर सभा. खाली चिटणीस सुरेंद्र राव यांची सही.

सुरेंद्र राव बस स्टँडजवळ यात्रेकरूंना गाड्या देण्याचा व्यवसाय करतात. माणूस कामाचा. मठाची गळती त्यांनीच काढली, नवे पंखे त्यांनीच आणले. नरसिंह मामांपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण दोघं एका शाळेतले, त्यामुळे एकेरीवर.

“नरसिंहा,” ते म्हणाले, “विहीर अर्धं वर्ष कोरडी असते. बोअरचं पाणी चोवीस तास आहे. तिरुनागेश्वरमहून यात्रेकरूंची गाडी आली की गल्लीत लावायला जागा नाही. मी काय चूक करतों ते तूं सांग.”

“अर्धं वर्ष कोरडी कुणी सांगितली?”

“मी पाहिली ना. तळाला माती होती.”

“माझ्याकडे सोळा वर्षांचं लिहिलेलं आहे.”

“तुझ्या डायऱ्या सभेत कोण वाचणार? सरकारनं तुला रिटायर केलं, आता विहिरीनं कधी करायचं?”

मंडळी हसली. मामाही हसले. पण त्या संध्याकाळी ते तिण्णैवर बसून राहिले, आणि मामींनी आणून ठेवलेल्या कॉफीवर साय धरली. त्यांना विहीर हवी होती. त्या पाण्याची आता कुणाला फारशी गरज नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मठाची झाडं आणि देवाच्या अभिषेकाची घागर, एवढंच त्या पाण्यावर चाले. पण ती बुजली तर सकाळी सहाला पाच कमी असताना जायचं कुठे, हा सोळा वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा उभा राहणार होता. हे ते बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “कोरडी नाही गे ती. अर्धं वर्ष तर नव्हेंच.”

भिंतीपलीकडून नंदिता म्हणाली, “मामा, डायऱ्या कुणी वाचणार नाही. चित्र काढू. चित्र सगळे बघतात.”

“मला चित्र येत नाही.”

“तुम्ही काढायचं नाही. आकडे द्यायचे, चित्र यंत्र काढेल. आर नावाची भाषा आहे, आकड्यांसाठीच केलेली.”

“आर? एवढंच नांव?”

“एवढंच.”

“साऱ्या जगाचे आकडे मोजते आणि नांवाला एकच अक्षर मिळालं,” मामा म्हणाले. “आमच्या गांवाचं नांव बघ. बसच्या पाटीवर मावत नाही.”

दुसऱ्या दिवशी मामांच्या मुलाचा जुना लॅपटॉप कपाटातून निघाला. सभेला चाळीस दिवस होते आणि आकडे पाच हजारांवर. नंदिता म्हणाली, मी टाइप करते. मामांनी ऐकलं नाही. डायरी त्यांची, अक्षर त्यांचं, तीन आहे की पाच हे दुसऱ्याला कसं कळणार? त्यांनी एका बोटानं सुरुवात केली. रोज एकशे सत्तर आकडे. मामी शेजारी पाट घेऊन बसत आणि डायरीतून मोठ्यानं वाचत, “नऊ पाच. नऊ सहा. नऊ सहा. इथं तुम्ही मध्येच भोपळा घेऊन या असं लिहिलंय, तें घालायचं कां?”

“तें नको.”

“आणला होता कां पण?”

पस्तिसाव्या दिवशी दुपारी शेवटची डायरी संपली. नंदिता कॉलेजातून आली, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि तिण्णैवर आम्ही तिघं तिच्या मागे दाटीनं बसलो.

यंत्रानं चित्र काढायला नकार दिला. लाल अक्षरांत काहीतरी आलं. नंदितानं तक्ता वर-खाली केला आणि कपाळावर हात मारला.

“मामा, आकड्यांच्या रांगेत तुम्ही ‘माती’ लिहिलंय.”

“माती होती म्हणून माती लिहिलं.”

“पण एक जरी शब्द आला तरी आर सगळ्या रांगेला शब्दच समजते. पाच हजार आकडे तिला आता अक्षरं वाटताहेत.”

“त्या साली पाऊस झाला नाही, कालव्याला पाणी आलं नाही. सतरा सालचा मे. ओळंबा खाली गेला आणि आवाज आला थप्प. वर आला तो मातीनं माखून. मी काय लिहायचं?”

“ते आत्ता रिकामं ठेवू,” नंदिता म्हणाली आणि पुढे गेली. ते ‘आत्ता’ तिथंच राहून गेलं, पण ते नंतर.

चित्र आलं. खाली वर्षं, बाजूला फूट, आणि मध्ये वर-खाली होणारी एक रेघ. रेघेखालची सगळी जागा निळ्या रंगानं भरलेली. अशा चित्राला क्षेत्र-आलेख म्हणतात. नुसती रेघ काढली तर नजर रेघेवरून घसरून जाते, खालची जागा भरली की किती आहे ते पोटभर दिसतं. हे नंदिताचं स्पष्टीकरण, आणि मला ते पटलं. पण या रेघेला जागोजाग दात होते. करवतीसारखे. रेघ नीट चढत जाई, मध्येच दरीत कोसळे, दोन दिवसांनी पुन्हा वर.

“विहीर अशी नाचत नाही,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात मापपट्टीवर तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाची खात्री होती. “पाणी आळशी असतें. बोट-बोट सरकतें.”

नंदितानं एक दात मोठा करून पाहिला. १४.९, मग १४.१, मग १४.११, मग १५. ती बराच वेळ त्या चार आकड्यांकडे बघत राहिली. मग हसायला लागली आणि थांबेचना.

“मामा, टिंबाच्या पुढे तुमचे इंच आहेत.”

“मग काय असणार?”

“यंत्राला वाटतं दहावा भाग. चौदा फूट दहा इंच तुम्ही चौदा टिंब दहा लिहिलं. तिच्या हिशेबी ते चौदा टिंब एक. नवाच्या नंतर धाडकन खाली.”

“बारा इंचांचा फूट तिला ठाऊक नाही?”

“नाही.”

“एवढी शिकलेली आहे ना?” मामी म्हणाल्या.

टिंबापुढचा भाग सोडवून बाराने भागायचा, एवढीच एक ओळ लिहावी लागली. पण टाइप करताना १४.१० मधलं शून्य तक्त्यानं कधीच गिळून टाकलं होतं, आता दहा इंच कुठले आणि एक इंच कुठला हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी मामांनी आणि मामींनी दोन दिवस बसून डायऱ्यांतले सगळे दहा इंच पुन्हा शोधून काढले. मामी बोटाला थुंकी लावून पानं उलटत आणि सापडला की म्हणत, “हा एक चोर.”

दात गेले. रेघ गुळगुळीत झाली, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. दरवर्षी एक फुगवटा, एक उतार. नंदितानं लॅपटॉप मामांपुढे असा ठेवला जसं कुणी ताट वाढतं. मामा खूश होऊन बघत होते. मामी मागून वाकल्या.

“उन्हाळ्यांत एवढं पाणी?” त्या म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“मे महिन्यांत सगळं निळं भरलंय. आणि मार्गळीत, पोंगलच्या आधी, कठड्याशी पाणी येतं तेव्हां इथं चिमूटभर. मला चित्र कळत नसेल, पण विहीर कळतें.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कपाळाला हात लावून ते तिण्णैच्या खांबाला टेकले.

“मी सोळा वर्षं पोकळी मोजली,” ते म्हणाले. “वरून खाली. कठड्यापासून पाण्यापर्यंत मधें जें नाही तें. आणि ह्या पोरीनं तें निळं रंगवलं.”

तेच झालं होतं. आकडा जितका मोठा तितकं पाणी खोल. रेघेखाली भरलेली निळी जागा पाण्याची नव्हती, पाण्याच्या वरच्या हवेची होती. हे चित्र सभेत गेलं असतं तर सुरेंद्र रावांना एक शब्द बोलावा लागला नसता.

पुढच्या दोन संध्याकाळी नंदितानं दुसरी रीत काढली. शून्यापासून रेघेपर्यंत भरायचंच नाही. खालची कड तळ, वरची कड पाणी, आणि मधली पट्टी तेवढी रंगवायची. त्याला त्या भाषेत रिबन म्हणतात. हे नाव मामांना फार आवडलं, कारण त्यांच्या मुलीच्या वेणीला शाळेत निळी रिबन असे. तळ किती खोल, हे मात्र यंत्राला सांगावं लागणार होतं.

“अठ्ठावीस फूट,” मामा म्हणाले. “थप्प झालं तेव्हां गाठी मोजल्या होत्या.”

रंगाचा प्रश्न मामींनी हातात घेतला. त्या भाषेत साडेसहाशेच्या वर रंगांना नावं आहेत, आणि नंदिता एकेक वाचून दाखवी. टोमॅटो नावाचा रंग आहे, चॉकलेट नावाचा आहे, एक पपईच्या नावाचा आहे. मामी म्हणाल्या, हे रंगाचं दुकान की भाजीचं? शेवटी घाटावरच्या शेवाळाच्या जवळ जाणारा एक निळसर हिरवा त्यांनी पसंत केला. वर्ष जानेवारीपासून सुरू करायला मामांनी साफ नकार दिला. पाण्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, कालव्यात वरचं पाणी येतं तेव्हा. एक वर्ष एका कागदावर, असे सोळा कागद.

शुक्रवारी संध्याकाळी सोळाही चित्रं पडद्यावर होती. सभा रविवारी. मामा एकेक बघत पुढे जात होते. नवव्यापाशी ते थांबले. दोन हजार सोळा-सतरा. रिबन बारीक होत होत मे महिन्यात पुसट झाली होती, पण तुटली नव्हती. एक पातळ हिरवी पट्टी सरळ पलीकडे गेली होती.

“हें काय?”

“काय?”

“इथं पाणी नव्हतं.”

नंदितानं वाकून पाहिलं आणि जीभ चावली. “मातीच्या ओळी मी रिकाम्या केल्या होत्या ना. मग रिकाम्या ओळी काढून टाकल्या. म्हणून इकडचं टोक तिकडच्या टोकाला सरळ जोडलं गेलं.”

“म्हणजे कोरडी विहीर भरली.”

“मुद्दाम नाही केलं, मामा.”

“ठाऊक आहे.”

ते पडद्याजवळ सरकले. मी भिंतीवर बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. नववा कागद तसाच सोडला तर सोळा वर्षांत विहीर एकदाही आटली नाही, असं चित्र त्यांच्याकडे तयार होतं. ते कुणी केलेलं नव्हतं, आपोआप झालं होतं. सभेत ते पाहून कुणी डायरी उघडायला लावणार नव्हतं.

नंदिता हळूच म्हणाली, “तेवीसच दिवस आहेत. पाच हजार आठशे तेरांमधले तेवीस. चित्रात दिसतसुद्धा नाहीत फारसे.”

“कालव्यावर असतांना एकदां,” मामा म्हणाले, “मला ताप होता. वरच्या साहेबानं सांगितलं, काल जितकं होतं तितकंच लिही, कोण बघतंय. मी नाही लिहिलं. रिकामं ठेवलं आणि शेवटीं हजेरीपटासारखं लिहिलं, लस्कर गैरहजर. न मोजलेलं पाणी लिहायचं नाही. आणि मोजलेली माती पुसायची नाही.”

“मग काय करू?”

“मातीला शून्य घाल. मी गांवाला गेलों ते एकतीस दिवस आहेत, तिथं कांहीं घालूं नको, कागद पांढरा राहूं दे. दोन्ही एक नव्हें. एकीकडे पाणी नाही, दुसरीकडे मी नाही.”

नंदितानं तसं केलं. नवव्या कागदावर मे महिन्यात रिबन तळाला टेकली आणि चार तारखेपासून सव्वीसपर्यंत नुसती एक काळी रेघ उरली, तळाची. मामींनी ती बघून फक्त एवढंच विचारलं, “सुरेंद्रानं हेंच धरलं तर?”

“धरूं दे,” मामा म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी दोनदा पाणी मागितलं, असं मामी दुसऱ्या दिवशी सांगत होत्या.

शनिवारी बस स्टँडजवळच्या दुकानातून रंगीत छाप आले. मामींनी मैद्याची खळ शिजवली आणि सोळा कागद कडेला कड लावून चिकटवले. एक जून दोन हजार आठपासून एकतीस मे दोन हजार चोवीसपर्यंत, मठाच्या खांबाखांबांतून जाईल इतकी लांब पट्टी झाली. गुंडाळी करून ती ताटाखाली दाबून ठेवली.

रविवारी भजन संपलं, प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाटलं गेलं. तीसेक माणसं असतील. सुरेंद्र रावांनी शेडचा नकाशा दाखवला, जागा कशी लागते ते सांगितलं. नीट सांगितलं, कुणाला खोडता येईना. मग म्हणाले, “आता नरसिंह आपल्या डायऱ्या वाचून दाखवणार. ज्यांना घरीं कामं आहेत त्यांनीं जाऊन यावं.”

मामा उठले. त्यांनी भाषण केलं नाही. पट्टीचं एक टोक वेंकटेश रावांच्या हातात दिलं, दुसरं धरून चालत गेले, मध्ये मध्ये लोकांना धरायला लावलं. हिरवी पट्टी खांबांमधून उलगडत गेली आणि मंडळी आपोआप उठून तिच्याभोवती आली.

“ही विहीर,” मामा म्हणाले. “हिरवं म्हणजे पाणी. खालची रेघ तळ.”

सुरुवातीला सगळे आपापल्या पुढ्यातल्या तारखा वाचत होते. मग अंबुजाबाई, ज्या भजनाला झांज धरतात, एका कागदापाशी वाकल्या. “दोन हजार तेराचा आवणि महिना कुठला रे?”

मामांनी बोट ठेवलं.

“आमच्या सौंदर्याचं लग्न. आचाऱ्यानं इथलंच पाणी भरलं होतं. बोअरच्या पाण्यानं सांबार काळं पडतं म्हणत होता. बघ, नऊ फूट पाणी होतं.”

“दहा,” मामा म्हणाले. “दहा फूट दोन इंच.”

त्यानंतर कुणाला आवरेना. कुणी नातवाचा जन्म शोधू लागलं, कुणी घर बांधलं ते वर्ष. वेंकटेश राव आपलं टोक धरून धरून कंटाळले. “मला पण बघायचंय, कुणी तरी धरा,” असं ते तीनदा म्हणाले आणि शेवटी ते टोक त्यांनी देवळाच्या खिळ्याला अडकवलं. कृष्णमूर्ति नावाचे निवृत्त पोस्टमास्तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “नरसिंहा, ही दर मार्गळीत एवढी फुगते? मी तर तिकडं पंधरा वर्षांत डोकावलोंच नाहीं.”

सुरेंद्र राव मात्र हात मागे बांधून एका टोकापासून चालत येत होते. नवव्या कागदापाशी ते थांबले.

“आणि हें?” त्यांनी बोट ठेवलं. “इथं कांहींच नाहीं.”

सगळे वळले. नंदितानं माझा हात धरला.

“माती,” मामा म्हणाले. “तेवीस दिवस.”

“म्हणजे कोरडी होती.”

“होती. चार मे ते सव्वीस मे. सत्तावीसला ओळंबा ओला आला. बोटभर. तिथून बघ.” त्यांनी बोट पुढच्या कागदावर नेलं, जिथं रिबन पुन्हा रुंद होत गेली होती. “आपणच भरली. कुणी कांहीं केलं नाहीं.”

सुरेंद्र राव त्या काळ्या रेघेकडे पुन्हा वाकले. तारखा वाचल्या. बोटांवर काही मोजलं. मग सरळ झाले आणि थोडं ओशाळं हसले.

“मी चिटणीस झालों तो महिना,” ते म्हणाले. “चावी मिळाली म्हणून सगळं फिरून बघितलं. विहिरींतही बघितलं. त्यानंतर कधीं बघितलं नाहीं.”

“म्हणजे तूं सोळा वर्षांतले तेवीस दिवस निवडलेस आणि नेमकं तेव्हांच डोकावलास,” अंबुजाबाई म्हणाल्या. “आमच्या घरीं पण असाच यायचास, दूध नासलेल्या दिवशीं.”

मठ हसला. सुरेंद्र रावही हसले, मग म्हणाले, “तूं हे दिवस लपवूं शकला असतास.”

“यंत्रानं लपवले होते,” मामा म्हणाले. “मी काढले.”

पुढची चर्चा सुंडलची दुसरी फेरी होईपर्यंत चालली आणि तिच्यात गंमत काही नव्हती. शेड पूर्वेच्या भिंतीला लागून बांधायची, अंगणात एकच गाडी उभी राहील, विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या आणि लहानांच्या जिवाला धोका नको. जाळीला हातभर दार ठेवायचं.

“त्या दाराची चावी तूंच ठेव,” सुरेंद्र राव म्हणाले. “सकाळीं सहाला मला उठवायला येऊं नको.”

“सहाला पाच कमी,” मामा म्हणाले.

पट्टी अजून मठात आहे. सुरेंद्र रावांनीच ती काच लावून भिंतीवर बसवली. आता नवं लग्न ठरलं की लोक भजनानंतर तिथं उभे राहून मागच्या वर्षी त्या महिन्यात पाणी किती होतं ते बघतात. याचा लग्नाशी काय संबंध, ते कुणी विचारत नाही. यंदा सतरावा कागद लागायचा आहे.

फेब्रुवारीत मामांचे दोन्ही गुडघे बोलायला लागले. मुलगा तिरुच्चीला असतो, तिथं शस्त्रक्रिया ठरली. तीन महिने तरी तिकडेच. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचा आकडा घेतला, ७.११, आणि नंदिताला विहिरीपाशी बोलावलं. चावी दिली, दोर दिला, डायरी दिली. चिमटी कुठे धरायची ते दाखवलं. तिनं एकदा करून दाखवलं. तिचाही आकडा सात फूट अकरा इंचच आला, तेव्हा त्यांनी डायरीत तिच्या आकड्यापुढे लहानशी बरोबरची खूण केली.

“इंच वेगळे लिहीन, मामा. टिंबाशिवाय. दुसऱ्या रांगेत.”

“तुला वाटतें तसं.”

“आणि माती आली तर?”

“येणार नाहीं. आली तर माती लिही.”

ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मामी पिशव्या मोजत आत बसल्या होत्या आणि ऑटोवाल्याला तमिळमधून सांगत होत्या की गाडीला अजून पाऊण तास आहे, घाई करू नको, यांचे गुडघे आहेत. मामा काठी टेकत, मधूनच वळत गेले. वेंकटेश राव तिण्णैवरून म्हणाले, “नरसिंहा, आता मला वेळ कशी कळणार?” मामांनी काठीनंच नंदिताकडे बोट दाखवलं. आम्ही त्यांना हात देऊन आत बसवलं. काठी आत आली, पाय आत आला, दुसरा पाय आत आला. ऑटो सुरू झाली. तेवढ्यात त्यांना काही आठवलं, त्यांनी ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि डोकं बाहेर काढलं. आम्हाला वाटलं डायरीबद्दल काही असेल.

“नंदिता, विहिरीवरची बादली उपडी घालून ठेव गे. पाणी साचतें, डास होतात.”